हायाबुसाचे वजन उतरवताना: प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४

गाडी सुझुकी हायाबुसा मोटरसायकल, दुसऱ्या पिढीतील, १३४० सीसी, एबीएस (जोराच्या ब्रेकिंगमध्ये चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसलेली. कंपनीने दिलेले भरल्या टाकीचे वजन २६० किलो आहे. इतक्या वजनाची गाडी सरळ रस्त्यावर अतिशय स्थिर चालते, आणि हा तिचा मोठा गुण मी गमावू इच्छित नाही. परंतु सलग वळणांच्या रस्त्यावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला कलताना, खडबडीत पृष्ठभागावर ब्रेक दाबताना आणि उतारावर उभी गाडी मागे ढकलताना हे वजन सतत जाणवते. बाजारात मिळणारे बदली भाग वापरून त्यातले किती उतरवता येईल, आणि ते नेमके कुठून उतरवले तर गाडीच्या वागण्यात खरा फरक पडेल, हे पाहण्यासाठी या नोंदी सुरू करीत आहे.

तीन अटी आधीच ठरवल्या आहेत. मागे बसणाऱ्याची सोय कायम राहील. उत्सर्जन आणि आवाज यांच्या मर्यादा पाळल्या जातील, म्हणजेच धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला जाणार नाही. आणि भार पेलणारा किंवा उष्णता शोषणारा कोणताही भाग केवळ हलका आहे म्हणून बदलला जाणार नाही.

आज मूळ वजन घेतले. दोन्ही चाकांखाली एकाच उंचीचे दोन डिजिटल वजनकाटे ठेवले, टाकी काठोकाठ भरली, टायरमधली हवा नेमकी केली आणि हँडल सरळ ठेवून गाडी केवळ तोल सांभाळण्यापुरती बोटांनी धरली. दोन्ही काटे एका पातळीत असणे महत्त्वाचे आहे, कारण एक चाक थोडे जरी वर असले तरी भार खालच्या चाकाकडे सरकतो आणि पुढची-मागची विभागणी खोटी येते. काटे अदलाबदल करून पुन्हा वजन केले, म्हणजे काट्यांमधला आपसातला फरक कळतो. पुढच्या चाकावर १२९.५ किलो, मागच्या चाकावर १३१.० किलो, एकूण २६०.५ किलो. म्हणजे पुढे ४९.७ टक्के.

१३ जानेवारी २०२४

भाग मागवण्यापूर्वी वजन कुठे साठले आहे याचा विचार कागदावर केला. गाडीच्या दृष्टीने सर्व किलो सारखे नसतात. सर्वांत महाग किलो चाकाच्या कडेला असतो, कारण तो गाडीबरोबर पुढे तर जातोच, शिवाय फिरतोही, आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगखाली असल्यामुळे खड्ड्यागणिक वरखालीही होतो. त्यानंतरचा किलो कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग), अॅक्सल, स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र) यांच्यात असतो. तो स्प्रिंगखाली आहे, पण फिरला तरी लहान त्रिज्येवर फिरतो किंवा मुळीच फिरत नाही. त्यानंतर गुरुत्वमध्यापासून दूर असलेला किलो, म्हणजे शेपटीकडचा, दिव्यांजवळचा किंवा बाजूला लटकणारा. इंजिनाजवळ, गाडीच्या मध्यात आणि खालच्या बाजूला असलेला किलो सर्वांत कमी त्रास देतो.

इंधनाचाही हिशेब मांडून ठेवतो, कारण पुढच्या प्रत्येक आकड्याकडे पाहताना तो आठवणे आवश्यक आहे. या गाडीची टाकी २१ लिटरची आहे आणि एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोच्या जवळपास भरते, म्हणजे भरली टाकी आणि रिकामी टाकी यांत साडेपंधरा किलोंचा फरक आहे. हे इंधन गाडीत बऱ्यापैकी उंचावर असते. त्यामुळे भाग बदलण्यापूर्वी गाडी भरल्या टाकीने चालवायची आणि बदलल्यानंतर पाव टाकीवर चालवून ‘किती हलकी झाली’ असे म्हणायचे, याला काही अर्थ नाही. या कामातली प्रत्येक तुलना भरल्या टाकीनेच होईल.

२० जानेवारी २०२४

पहिला भाग बॅटरी. मूळ शिसे-आम्ल बॅटरी काट्यावर ३.७ किलो भरली. तिच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी बसवली. ती, आणि कप्प्यातली पोकळी भरून काढणारे तिच्यासोबतचे फोमचे तुकडे मिळून १.१ किलो झाले. बचत २.६ किलो. दर किलोमागे होणारा खर्च पाहिला तर संपूर्ण प्रकल्पातले हे सर्वांत स्वस्त किलो ठरावेत, आणि बसवण्यासाठी दोन स्क्रूंपलीकडे काहीही खोलावे लागत नाही.

बसवण्यापूर्वी मात्र गाडीची चार्जिंग यंत्रणा तपासली. शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट (सेल) असतात आणि किंचित जास्त विद्युतदाब ती उष्णतेच्या रूपाने सहन करून घेते. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये चार घट असतात, प्रत्येकाचा सामान्य दाब ३.२ ते ३.३ व्होल्ट असतो, आणि चार्जिंगचा दाब साधारण १४.६ व्होल्टच्या वर दीर्घकाळ राहणे त्यांना मानवत नाही. जुन्या गाडीचा रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगचा दाब आवरणारा भाग) बिघडण्याच्या मार्गावर असेल, तर पूर्वीची बॅटरी ते झाकून नेत असे. ही नेणार नाही. इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर ठेवून, दिवे लावून आणि बंद करून, दोन्ही वेळा दाब मोजला. तो १४.२ व्होल्टच्या आसपास स्थिर राहिला, त्यामुळे पुढे जाण्यास हरकत दिसली नाही.

या बॅटरीवर छापलेला अँपिअर-तासांचा आकडा ‘समतुल्य’ असतो. स्टार्टर फिरवण्याची ताकद तितक्या क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीएवढी आहे, इतकाच त्याचा अर्थ. प्रत्यक्ष साठा बराच कमी, या बॅटरीच्या बाबतीत ४ अँपिअर-तास आहे. बंद गाडीत घड्याळ आणि इमोबिलायझर (चोरीरोधक यंत्रणा) मिळून सुमारे २ मिलीअँपिअर प्रवाह ओढतात, असे मीटरवर दिसले. त्या हिशेबाने महिन्याला जवळपास दीड अँपिअर-तास खर्च होतो, म्हणजे दोन महिने गाडी उभी राहिली तर साठ्याचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग संपेल. त्यामुळे गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर ऋण टोकाची वायर काढून ठेवायची, आणि सल्फेट काढण्याची उच्च दाबाची सोय असलेला जुना चार्जर या बॅटरीला कधीही लावायचा नाही, असे कप्प्याच्या झाकणावर आतून चिठ्ठी चिकटवून लिहिले आहे. थंडीत पहिला स्टार्टर जड जातो, कारण थंड घटांचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. हेडलाइट मिनिटभर लावून ठेवला की घट थोडे उबदार होतात आणि दुसऱ्या प्रयत्नात इंजिन सहज फिरते.

३ फेब्रुवारी २०२४

सायलेन्सर. वजनाच्या दृष्टीने एकाच जागी सर्वांत मोठी बचत इथे आहे. मूळ सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना, मोठ्या त्रिकोणी आकाराचे आणि स्टेनलेस स्टीलचे आहेत. स्टीलची घनता घनसेंटिमीटरला ७.८ ग्रॅमच्या आसपास, टायटॅनियमची साडेचार. म्हणजे त्याच आकाराचा आणि त्याच जाडीचा पत्रा टायटॅनियमचा केला तर वजन साठ टक्क्यांच्या खाली येते. शिवाय बदली सायलेन्सर आकारानेही लहान असतात आणि त्यांच्यात एकामागून एक कप्पे नसून छिद्रांची एक सरळ नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंचे भरण असते.

संपूर्ण प्रणाली बदलली तर आणखी वजन कमी होईल, हे खरे आहे. परंतु त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो, इंजिनाचे इंधन-मिश्रण नव्याने बसवावे लागते आणि गाडी रस्त्यावर चालवण्याचा अधिकारच वादात सापडतो. म्हणून फक्त शेवटचे सायलेन्सर बदलायचे, तेही रस्त्यावर वापरण्यास मान्यता असलेले, आवाज रोखणारा बाफल न काढता, असे ठरवले.

मूळ सायलेन्सर उतरवून तोलले: डावा ६.४ किलो, उजवा ६.५ किलो. नवीन प्रत्येकी २.९ किलो. बचत ७.१ किलो. नवीन सायलेन्सरच्या माहितीपत्रकातला आकडा याहून बराच आकर्षक होता, पण तो क्लॅम्प, जोडनळी आणि बाफल वगळून दिलेला होता. गाडीवर जे जे बसणार आहे ते सर्व एकत्र बांधून काट्यावर ठेवल्याशिवाय बचतीचा आकडा लिहायचा नाही, हा नियम या कामात मी काटेकोरपणे पाळत आहे.

बसवण्याचे काम सोपे असले तरी घाईचे नाही. सायलेन्सर मागच्या पायदाणीच्या ब्रॅकेटला लटकतात, आणि गरम झाल्यावर नळी लांबीने वाढते. म्हणून आधी सर्व जोड हाताने बसवून, नळी आपल्या नैसर्गिक स्थितीत सैल राहील असे पाहिले, मग इंजिनाकडून मागच्या दिशेने एकेक जोड आवळत गेलो आणि ब्रॅकेटचा बोल्ट सर्वांत शेवटी घट्ट केला. उलट क्रमाने केले तर नळीवर कायमचा ताण राहतो, आणि टायटॅनियमच्या पातळ पत्र्याला वेल्डिंगच्या कडेने तडा जाण्याची सुरुवात बहुधा अशा ताणातूनच होते. शेवटी दोन्ही नळ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढल्या, कारण बोटांचे तेलकट ठसे पहिल्या उष्णतेला धातूवर कायमचे उमटतात.

१० फेब्रुवारी २०२४

सायलेन्सर बसवल्यानंतर काही अंतर चालवून सर्व क्लॅम्प पुन्हा तपासले. एक क्लॅम्प किंचित सैल झाला होता, बाकी सर्व जागेवर आहेत. स्पार्क प्लग काढून पाहिले, पोर्सिलीनचा रंग पूर्वीसारखाच फिकट तपकिरी आहे. थ्रॉटल बंद केल्यावर नळीत फटफट आवाज होत नाही. इंधनाच्या मांडणीत हात घालण्याचे कारण दिसत नाही.

२४ फेब्रुवारी २०२४

चेन आणि स्प्रॉकेट. मूळ चेन ५३० मापाची आहे. अनेक जण तिच्या जागी ५२० मापाची चेन बसवतात. दोन्ही मापांतला पहिला ५ हा आकडा पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधले अंतर, सांगतो, तो दोन्हींत पाच-अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर आहे. फरक पुढच्या आकड्यांत आहे: ५३० मध्ये आतली रुंदी ९.५ मिलिमीटर, ५२० मध्ये ६.३५ मिलिमीटर. रुंदी कमी झाल्यामुळे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट हलके होतात.

ही चेन तुटेल का, हा प्रश्न मी हिशेबाने पाहिला. स्वारासह गाडी ३४० किलोंची धरली आणि मागच्या टायरने गाडीच्या वजनाइतकाच जोर रस्त्यावर लावला असे मानले (याहून फारसा जास्त जोर लावता येत नाही, कारण त्याआधी पुढचे चाक उचलले जाते), तर तो जोर ३,३०० न्यूटनच्या वर जातो. मागच्या चाकाची त्रिज्या ३११ मिलिमीटर आणि ४३ दात्यांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या १०९ मिलिमीटर, म्हणून चेनवर त्याच्या जवळपास तिप्पट, साडेनऊ किलोन्यूटन, सुमारे एक टनाचा ताण येतो. चांगल्या दर्जाच्या ५२० चेनची तुटण्याची मर्यादा याच्या कितीतरी वर असते. तेव्हा तुटण्याची भीती मुख्य नाही. मुख्य प्रश्न झिजेचा आहे. पिन आणि बुश यांच्यातला भार पेलणारा पृष्ठभाग अरुंद चेनमध्ये कमी असतो, तेवढाच ताण कमी क्षेत्रावर येतो आणि चेन लवकर लांबते. शर्यतीच्या गाडीला ते चालते, कारण तिथे चेन वारंवार बदलली जाते. लांबच्या प्रवासाला मागे माणूस बसवून जाणाऱ्या गाडीसाठी मला हा व्यवहार पटत नाही.

म्हणून चेन ५३० च ठेवली. पुढचे १८ दात्यांचे स्प्रॉकेटही मूळचे स्टीलचेच राहिले, कारण लहान स्प्रॉकेटचे दाते अधिक वेळा चेनखाली येतात. फक्त मागचे स्प्रॉकेट बदलले. संपूर्ण अॅल्युमिनियमचे घेण्याऐवजी मध्यभाग अॅल्युमिनियमचा आणि दात्यांची कडी स्टीलची, अशी रिव्हेटने जोडलेली दोन धातूंची रचना निवडली. बचत ०.९ किलो. स्प्रॉकेट फिरते, पण लहान त्रिज्येवर, त्यामुळे फिरण्याच्या दृष्टीने हा किलो जवळजवळ साध्या किलोसारखाच आहे. तो स्प्रिंगखालून गेला, एवढा फायदा आहे.

९ मार्च २०२४

आज चाकांचे काम सुरू केले. मूळ चाके ओतीव अॅल्युमिनियमची, तीन आऱ्यांची आहेत. नवीन चाके घडीव अॅल्युमिनियमची, सहा आऱ्यांची आहेत. धातू दोन्हींत अॅल्युमिनियमच आहे, घनता जवळपास तीच. फरक असा, की ओतकामात धातू साच्यात थिजताना सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात, म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात. घडीव ठोकळा प्रचंड दाबाखाली आकार घेतो, त्याचा पोत घट्ट असतो आणि तीच ताकद पातळ भिंतीत मिळते. मॅग्नेशियमची चाके आणखी हलकी असतात, कारण मॅग्नेशियमची घनता अॅल्युमिनियमच्या दोन-तृतीयांश आहे. परंतु रंगाचा थर कुठे खरवडला गेला तर ते झपाट्याने गंजते, विशेषतः स्टीलच्या बोल्टला आणि ओलाव्याला लागून. कार्बन तंतूंची चाके त्याहून पुढची, मात्र खड्ड्याच्या आघाताने आतल्या थरांना झालेली इजा बाहेरून दिसेलच असे नाही. सर्व ऋतूंत, सर्व रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीसाठी घडीव अॅल्युमिनियम हाच पर्याय मला योग्य वाटला.

वजन: पुढचे मूळ चाक, टायर, डिस्क आणि बेअरिंग काढून, ४.७ किलो; नवीन ३.४ किलो. मागचे मूळ ६.९, नवीन ४.९. एकूण बचत ३.३ किलो.

वजन कमी झाले एवढ्यावर मी थांबू इच्छित नव्हतो, कारण चाकाच्या बाबतीत वजन कोणत्या त्रिज्येवर आहे हे अधिक महत्त्वाचे. त्यासाठी पुढच्या चाकाचे जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध, मोजले. चाक आडवे धरून, केंद्रापासून १८० मिलिमीटरवर, एकमेकांपासून समान अंतरावरच्या तीन आऱ्यांना दीड मीटर लांबीच्या तीन न ताणणाऱ्या दोऱ्या बांधल्या आणि चाक छताच्या तुळईपासून टांगले. दोऱ्या वरच्या टोकालाही तेवढ्याच त्रिज्येवर, म्हणजे अगदी उभ्या राहतील अशा बांधल्या. मग चाकाला थोडासा पीळ देऊन सोडले की ते स्वतःच्या अक्षाभोवती मागेपुढे झुलते. त्या झुलण्याच्या काळावरून, वजनावरून आणि दोऱ्यांच्या मापांवरून जडत्व आघूर्ण काढता येते. पीळ लहान असावा आणि चाक आडवे हेलकावे घेऊ नये, एवढी काळजी घ्यावी लागते. अनेक आंदोलनांची एकत्रित वेळ घेऊन सरासरी काढली.

मूळ चाकाचा आंदोलनकाळ २.२५ सेकंद, नवीन चाकाचा २.१२ सेकंद आला. त्यावरून मूळ चाकाचे जडत्व आघूर्ण ०.१२८ आणि नवीन चाकाचे ०.०८२ किलोग्रॅम-मीटर-वर्ग निघते. वजन २८ टक्क्यांनी घटले, आघूर्ण ३६ टक्क्यांनी घटले. म्हणजे धातू प्रामुख्याने कडेकडूनच कमी केलेला आहे, चाक विचारपूर्वक घडवलेले आहे.

१६ मार्च २०२४

मागच्या नोंदीतला ३६ टक्क्यांचा आकडा एकटा सोडला तर तो दिशाभूल करील, म्हणून हीच मोजणी टायर आणि दोन्ही डिस्क बसवलेल्या पूर्ण चाकावर पुन्हा केली. टायर जुनेच, मूळ चाकांवरचे, नवीन चाकांवर चढवले आहेत, म्हणजे तुलनेत टायरचा फरक शिरत नाही. झिजलेला टायर नव्यापेक्षा हलका असतो. नवी चाके आणि नवे टायर एकाच वेळी घातले तर बचतीचा काही भाग नव्या रबरात हरवून जातो आणि मापन गढूळ होते.

पूर्ण पुढचे चाक: मूळ ११.७ किलो, आंदोलनकाळ २.७५ सेकंद, नवीन १०.४ किलो, आंदोलनकाळ २.७७ सेकंद. नव्याचा काळ किंचित जास्त आला, कारण धातू हलका झाल्यावर उरलेल्या वजनात टायरचा वाटा वाढला आणि टायर सर्वांत बाहेरच्या त्रिज्येवर आहे. हिशेब केल्यावर जडत्व आघूर्ण ०.४७५ वरून ०.४२८ वर आले, म्हणजे सुमारे १० टक्के घट. हा खरा आकडा, रस्त्यावर जाणवणारा. पुढच्या पूर्ण चाकाचे फिरण्याचे जडत्व मुख्यतः टायरमध्ये आहे. रिम कितीही उत्तम घडवली तरी तिचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या आसपासच होता.

वेग वाढवण्यासाठी लागणाऱ्या शक्तीचा अंदाजही यातून बांधता येतो. फिरणाऱ्या चाकावरचे वजन दुप्पट धरावे असे सर्रास सांगितले जाते. ते रस्त्याला टेकणाऱ्या बाहेरच्या कडेला खरे आहे. रिमची त्रिज्या सुमारे २१० मिलिमीटर आणि टायरसह चाकाची ३०० मिलिमीटर, या दोहोंच्या गुणोत्तराचा वर्ग जवळपास अर्धा येतो. म्हणून रिमवरून कमी झालेला एक किलो गाडीला दीड किलोसारखा वाटतो, टायरच्या पृष्ठभागावरून कमी झालेला एक किलो मात्र जवळजवळ दोन किलोंसारखा.

बेअरिंग बसवण्याचे काम याच दिवशी पूर्ण केले. नवीन बेअरिंग आदल्या रात्री हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवली होती आणि हबला गरम हवेने तापवले, थुंकीचा थेंब सुर्र करून उडेल एवढे नव्हे, हात ठेवून लगेच उचलावा लागेल इतपतच. अशा वेळी बेअरिंग आपल्या वजनानेच निम्मी आत उतरते. उरलेले अंतर, बाहेरच्या कडीवरच टेकेल अशा नळीने हलके ठोके देत पूर्ण केले. आतल्या कडीवर एकही ठोका पडता कामा नये, कारण तो थेट गोळ्यांच्या मार्गावर जातो. बेअरिंग तळाला टेकली की ठोक्याचा बोदा आवाज बदलून खणखणीत होतो, तिथे थांबायचे. पहिली बाजू पूर्ण बसवून, मधली अंतरनळी आत सोडून, मग दुसरी बाजू आतल्या कड्या अंतरनळीला नुसत्या टेकतील इतकीच उतरवली. दुसरी बाजू अधिक आत गेली तर गोळ्यांवर आडवा भार येतो आणि चाक हाताने फिरवताना अडखळते. दोन्ही चाके अॅक्सलवर बोटाने फिरवून पाहिली, कुठेही खरखर नाही.

२३ मार्च २०२४

ब्रेक डिस्क हलक्या करण्याचा मोह चाकांच्या कामानंतर साहजिक होतो, कारण त्याही स्प्रिंगखाली आहेत आणि फिरतात. हिशेब करून हा विचार बाजूला ठेवला. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी, स्वारासह ३२७ किलोंची गाडी थांबवायची तर सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. हवेचा विरोध आणि थंड होणे क्षणभर दुर्लक्षित करून, त्यातला तीन-चतुर्थांश भाग पुढच्या ३१० मिलिमीटरच्या दोन डिस्कमध्ये गेला असे धरले, आणि दोन्हींच्या घासल्या जाणाऱ्या स्टीलच्या कड्या मिळून २.२ किलो मानल्या, तर एकाच ब्रेकिंगमध्ये त्यांचे तापमान सुमारे ३४० अंशांनी वाढते. कड्या १५ टक्क्यांनी पातळ केल्या तर तेच ४०० अंशांवर जाते. इथले वजन हा निष्क्रिय धातू नव्हे, ती उष्णतेची साठवण आहे. मूळ डिस्कच राहतील.

३० मार्च २०२४

टायटॅनियमच्या बोल्टांचा संच. ग्रेड ५ टायटॅनियमची ताकद चांगल्या ८.८ वर्गाच्या स्टील बोल्टच्या बरोबरीची किंवा थोडी अधिक असते, पण १२.९ वर्गाच्या बोल्टची जागा ते घेऊ शकत नाही. शिवाय ते स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट लवचीक असते आणि आटे एकमेकांना चिकटून बसण्याची त्याची खोड मोठी आहे, म्हणून अँटी-सीझ लावून, बोल्ट देणाऱ्याने सांगितलेल्या वेगळ्या टॉर्कने ते आवळावे लागतात. संपूर्ण गाडीचे आवरण आणि किरकोळ भाग धरूनही बचत काहीशे ग्रॅमच्या पलीकडे जात नाही. कॅलिपर, अॅक्सल आणि डिस्क यांच्या बोल्टांना हात लावायचा नाही असे ठरवले, आणि उरलेल्यांसाठी हा खर्च समर्थनीय वाटला नाही. मागचे आरसे, पायदाण्या, हत्यारांची पेटी हेही जागेवर राहिले.

६ एप्रिल २०२४

अंतिम वजन, पहिल्याच दिवसाच्या पद्धतीने, भरल्या टाकीने. पुढे १२७.३ किलो, मागे ११९.६ किलो, एकूण २४६.९ किलो. घट १३.६ किलो. भागांच्या स्वतंत्र वजनांची बेरीज १३.९ किलो होती, ०.३ किलोचा फरक चाकांच्या तोलाची वजने, सायलेन्सरचे नवे ब्रॅकेट आणि काट्यांची अचूकता यांत सामावतो.

एकूण आकड्यापेक्षा विभागणीकडे माझे लक्ष अधिक गेले. पुढच्या चाकावरून २.२ किलो कमी झाले, मागच्या चाकावरून ११.४ किलो. पुढचा हिस्सा ४९.७ टक्क्यांवरून ५१.६ टक्क्यांवर गेला. बॅटरी आणि सायलेन्सर मिळून मागच्या स्प्रिंगवरचा जवळपास पावणेनऊ किलो भार उतरला आहे, आणि तो न पाहता सोडला तर गाडीची शेपटी उंच राहील, फोर्कचा कोन किंचित उभा होईल आणि जोराच्या ब्रेकिंगमध्ये मागचे चाक अधिक लवकर हलके पडेल. चाकांची आणि स्प्रॉकेटची बचत इथे मोजायची नाही, कारण चाकाचे वजन स्प्रिंगवर टेकलेले नसते, ते थेट जमिनीवर असते.

पूर्ण पोशाखात बसून सॅग, म्हणजे गाडीच्या आणि स्वाराच्या वजनाने सस्पेन्शन किती खचते ते, मोजला. कामापूर्वी मागे ३६ मिलिमीटर होता, आता ३२ मिलिमीटर आला. मागचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) सैल करीत तो पुन्हा ३६ वर आणला. पुढचा सॅग मोजण्याजोगा बदललेला नाही. दोन्हीकडचे रीबाउंड डॅम्पिंग (दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला होणारा विरोध) एका टप्प्याने कमी केले, कारण हलके चाक परत रस्त्यावर टेकवायला पूर्वीइतके धरून ठेवण्याची गरज उरत नाही.

१४ एप्रिल २०२४

परिचित वळणांच्या रस्त्यावर, टाकी भरून, पूर्वीच्याच टायरच्या हवेच्या दाबाने चालवून पाहिले. सर्वांत स्पष्ट बदल खडबडीत पृष्ठभागावर आहे: ओळीने येणाऱ्या लहान खड्ड्यांवर मागचे चाक पूर्वी उशिरा खाली येत असे आणि सीटखाली दुहेरी धक्का बसत असे, तो आता एकच आणि बोथट बसतो. एका वळणातून विरुद्ध वळणात कलताना हँडलवर लागणारा जोर कमी झाला आहे, पण तो बदल नेमका चाकांचा किती आणि बाजूला लटकणारे सात किलो गेल्याचा किती, हे स्वतंत्रपणे सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच दिशेने काम करतात. वेग घेण्यात फारसा फरक जाणवत नाही. स्वारासह एकूण वजनात ४ टक्के घट झाली आहे आणि या इंजिनाला ती किरकोळ आहे. सरळ रस्त्यावरची स्थिरता टिकून आहे, हँडलला थरथर नाही.

चाकांचे अॅक्सल नट, मागच्या स्प्रॉकेटचे नट आणि सायलेन्सरचे क्लॅम्प टॉर्क रेंचने पुन्हा तपासले, सर्व ठरलेल्या मापात आहेत. काढलेले मूळ भाग वजनाच्या चिठ्ठ्या बांधून कोरड्या जागी ठेवले आहेत. राहिलेले काम टायरचे. सध्याची जोडी संपेल तेव्हा त्याच मापाचे आणि त्याच भारक्षमतेचे जे टायर विचारात असतील, ते चाकावर चढवण्यापूर्वी काट्यावर ठेवून तोलायचे, आणि त्यांतला पुढचा निवडलेला टायर चढवल्यावर चाक पुन्हा त्याच तीन दोऱ्यांना टांगून मोजायचे.